मांजराला मेथीचाच वाफा का लागतो?

प्रश्न : घरामागे आमचे मेथी, कोथिंबीर, पालकाचे छोटे वाफे आहेत. बी टाकलं की आळीतली मांजरं येऊन उकरतात आणि घाण करून जातात. शेजारी एवढी पडीक जागा असताना त्यांना आमचाच वाफा का लागतो? सगळे फिनेल शिंपडायला सांगतात. सून गरोदर आहे, म्हणून काळजी जास्त वाटते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पडीक जागेतली माती टणक असते. तुमचा वाफा तुम्ही खुरप्याने मोकळा केलेला, ढेकळं फोडून शेणखत घातलेला. मांजराला नेमकी अशीच जमीन हवी असते : भुसभुशीत, उघडी, पंजाने सहज उकरता येणारी. आपलं पाळीव मांजर आफ्रिकी रानमांजराच्या वंशातलं, कोरड्या मुलखातल्या प्राण्याचं. विष्ठा मातीत पुरून वास झाकायचा, ही त्याची उपजत सवय आहे. एकदा जागा ठरली की उरलेला वास त्याला पुन्हा तिथंच घेऊन येतो.

तेव्हा मांजरामागे धावण्यात शक्ती घालवू नका, उघडी माती झाका. बी पेरल्यावर वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी अंथरा आणि कडा दगडांनी दाबा. रोपं चार बोटं वर आली की ती अलगद काढता येते; पाला दाट झाल्यावर मांजर सहसा तिथं बसत नाही. जाळी नसेल तर तुराट्या आडव्या-उभ्या टाका. रिकाम्या वाफ्यावर नारळाच्या सोडणांचे जाड तुकडे पसरा, कुंड्यांत करवंट्या पालथ्या ठेवा. त्याआधी घाण झालेली वरची माती खुरप्याने उचलून टाका, नाहीतर वास राहतो.

फिनेल मात्र अजिबात नको. फिनॉलसारखी रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया लागते, ती मांजरात फारच दुबळी असते. मांजर फिनेलवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, त्यामागेही हेच कारण आहे. डांबरगोळ्याही तितक्याच घातक. शिवाय ही रसायनं तुम्ही खाणार त्या भाजीच्या मातीत मुरतात, ते वेगळंच. तिखटाची पूड डोळ्यांत जाऊन प्राण्याला विनाकारण यातना होतात. जनावरांना असं छळणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

निळीच्या पाण्याच्या बाटल्यांनी काही साधत नाही. संत्र्याच्या सालींचा वास वाळेपर्यंत टिकतो. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रंही मिळतात. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा यंत्रामुळे बागेत मांजर शिरण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने घटली होती. म्हणजे उपयोग आहे, पण अर्धवट.

आता सुनेबद्दल. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत येऊ शकतो आणि गरोदरपणी त्याचा पहिल्यांदाच संसर्ग झाला तर गर्भाला धोका असतो. मात्र प्रत्येक मांजर तो सतत पसरवत नाही; बहुतेक मांजरं पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच पसरवतात. विष्ठेतली ती बीजं बाधक व्हायलाही १ ते ५ दिवस लागतात, म्हणून घाण त्याच दिवशी उचलण्याला फार महत्त्व आहे. राहून गेली तर ती मातीत महिनोन्महिने टिकतात. सध्या सुनेने मातीकाम टाळावं. करावंच लागलं तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुऊन. पालेभाजी वाहत्या पाण्यात नीट धुवा, कच्ची कोथिंबीर तर नक्कीच. मनात शंका राहिली तर डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल विचारा. वाफ्यातली घाण कंपोस्टमध्ये टाकू नका.

मांजरांना दुसरी सोय करून दिलीत तर वाफा लवकर सुटतो. कुंपणालगत, पाऊस लागणार नाही अशा आडोशाला, दोन-तीन घमेली वाळू पसरा. आळीत मांजरांना कोण खायला घालतं ते पाहा आणि त्यांच्याशी बोलून, गरज पडली तर खर्च वाटून, नसबंदी करवून घ्या. मांजरीची गर्भावस्था जेमतेम नऊ आठवड्यांची, आणि वर्षात दोन-तीन वेतं होतात; संख्या वाढत राहिली तर एकटी जाळी पुरणार नाही. नसबंदीनंतर बोक्यांचं कुंपणावर मूत्र फवारणंही पुष्कळ कमी होतं. वाळूचा कोपरा मात्र रोज साफ करावा लागेल, आणि ते काम सुनेकडे देऊ नका.