प्रीबायोटिक : शास्त्र, शब्द आणि व्यापारी संघ

मनुष्य जे अन्न खातो ते सर्वच त्याला पचते असे नाही. काही कर्बोदके अशी आहेत की, त्यांचे विघटन करण्याजोगा पाचकरस मानवी शरीरात तयारच होत नाही. ती जठरातून व लहान आतड्यातून जशीच्या तशी पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथे मात्र त्यांची वाट पाहणारे असंख्य आश्रित असतात. प्रौढ मनुष्याच्या शरीरातील जीवाणूंची संख्या अलीकडील गणनेनुसार सुमारे ३८ लक्ष कोटी भरते, आणि त्यांतील बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यातच असते. आपल्याला न पचलेले हे अन्न त्यांची शिदोरी होय. त्यांतील ज्या पदार्थांमुळे हितकारक जीवाणूंचे पोषण होते व त्यायोगे यजमानाच्या, म्हणजे मनुष्याच्या, आरोग्यास लाभ होतो, अशा पदार्थांना ‘प्रीबायोटिक’ ही संज्ञा आहे. ‘प्रोबायोटिक’ या शब्दाशी तिचे साम्य असल्याने दोहोंची गल्लत नेहमी होते. प्रोबायोटिक म्हणजे प्रत्यक्ष जिवंत जीवाणू, तर प्रीबायोटिक म्हणजे त्यांचा आहार, एवढा भेद ध्यानी ठेवला की पुरे.

संज्ञा नवी असली तरी वस्तू जुनी आहे. १८०४ साली व्हॅलेंटिन रोझ या जर्मन औषधशास्त्रज्ञाने एका वनस्पतीच्या मुळांपासून पिष्टासारखा दिसणारा एक पदार्थ मिळवला. त्या वनस्पतीच्या ‘इन्युला’ या शास्त्रीय नावावरून पुढे त्याला ‘इन्युलिन’ हे नाव पडले. चिकोरीच्या मुळांत इन्युलिन विपुल असते. कॉफीत मिसळतात ती चिकोरी हीच. परंतु कॉफीसाठी मुळे भाजली की त्यांतील इन्युलिनचा बराच भाग उष्णतेने मोडून जातो, त्यामुळे कॉफीच्या पेल्यात ते शोधण्यात अर्थ नाही. कांदा, लसूण व गहू यांतही याच कुळातील शर्करा असतात. १०० ग्रॅम कांद्यात त्या जातीनुसार साधारणतः १ ते ७ ग्रॅम आढळतात.

दुसरा धागा तान्ह्या मुलांपासून निघतो. १८९९ साली पॅरिसमध्ये हेन्री टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बालकांच्या विष्ठेत दोन फाटे फुटलेला एक जीवाणू विपुल प्रमाणात आढळला. आज तो बिफिडोबॅक्टेरियम या नावाने ओळखला जातो. त्याची वाढ मातेच्या दुधातील कोणत्या घटकामुळे होते याचा शोध पुढे दीर्घकाळ चालला आणि १९५४ साली पॉल ग्यॉर्गी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या ‘बिफिडस घटका’विषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. मातेच्या दुधात काही गुंतागुंतीच्या शर्करा असतात, आणि त्या बालकाला स्वतःला पचत नाहीत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जे अन्न बालकाच्या उपयोगाचे नाही ते माता निर्माण का करते? बालकाच्या आतड्यातील जीवाणूंसाठी, हे त्याचे निदान एक उत्तर होय.

मोठ्या आतड्यात हे पदार्थ आंबतात. त्यातून अॅसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. ब्युटिरिक आम्लापासून आतड्याच्या अस्तरातील पेशींना ऊर्जा मिळते. आणि आम्लता वाढल्याने कित्येक उपद्रवी जीवाणूंना तेथे थारा मिळणे कठीण होते. याच क्रियेत वायूही उत्पन्न होतो. म्हणूनच मात्रा एकाएकी वाढवली तर पोट फुगते, आणि ज्यांचे आतडे मुळातच हळवे आहे त्यांना या पदार्थांपासून त्रासही होतो. जाहिरातीत ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

१९९५ साली ग्लेन गिब्सन व मार्सेल रॉबरफ्रॉइड या दोघा शास्त्रज्ञांनी ‘प्रीबायोटिक’ हा शब्द प्रथम शास्त्रात आणला. त्यांच्या व्याख्येत तीन अटी होत्या : पदार्थ न पचणारा असावा, मोठ्या आतड्यातील एका किंवा मोजक्याच जीवाणूंची वाढ त्याने निवडकपणे करावी, आणि त्यापासून आरोग्यास लाभ व्हावा. यांपैकी ‘निवडकपणे’ या शब्दावरच पुढे वादाचे सारे वादळ उठले.

शब्द बाजारात आला की त्याला मोल येते. चिकोरीपासून इन्युलिन काढणारे, दुधाच्या शर्करेवर प्रक्रिया करणारे, त्यांची चूर्णे व पेये विकणारे असे अनेक उत्पादक पुढे आले, आणि त्यांची ‘ग्लोबल प्रीबायोटिक असोसिएशन’ ही व्यापारी संघटना अमेरिकेत उभी राहिली. प्रीबायोटिकांविषयी विश्वासार्ह शास्त्राचा व शिक्षणाचा प्रसार करणे हा तिने आपला हेतू म्हणून जाहीर केला आहे. हा हेतू ऐकून संशयाने भुवया उंचावण्याचे कारण नाही. खोट्या मालाने प्रामाणिक उत्पादकाचेही नुकसान होतेच, आणि खरे शास्त्र टिकावे यात त्याचाही स्वार्थ असतो. तथापि असा शिक्षक स्वतः विक्रेताही असतो, हे विसरून चालत नाही.

याचा एक जुना दाखला उद्बोधक आहे. १९६५ साली अमेरिकेतील शुगर रिसर्च फाउंडेशन या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांना हृदयविकार व आहार यांविषयी एक समालोचन लिहिण्यासाठी सुमारे साडेसहा हजार डॉलर दिले. १९६७ साली ते एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात साखरेवरील आक्षेप सौम्य करून दोषाचा रोख स्निग्ध पदार्थांकडे वळवला होता. पैसा कोणाचा होता हे मात्र लेखात सांगितले नव्हते. तसे सांगण्याचा दंडक त्या काळी नव्हता. जुन्या कागदपत्रांवरून ही गोष्ट उजेडात आली ती २०१६ साली, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी.

आता प्रीबायोटिकच्या व्याख्येकडे पुन्हा वळू. २०१७ साली प्रोबायोटिक व प्रीबायोटिक यांच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय संघाने व्याख्या सुधारली. ‘यजमानाच्या सूक्ष्मजीवांकडून निवडकपणे वापरला जाणारा व आरोग्यास लाभ देणारा पदार्थ’ असा तिचा आशय आहे. न पचण्याची व मोठ्या आतड्याची अट गेली, पण ‘निवडकपणे’ हा शब्द राहिला. या संघालाही उद्योगांकडून वर्गणी मिळते, परंतु त्याच्या संचालक मंडळावर विद्यापीठीय शास्त्रज्ञ असतात. २०२४ साली उपर्युक्त व्यापारी संघटनेच्या नावाने एक मतैक्यपत्र प्रसिद्ध झाले. त्यातील व्याख्येत ‘निवडकपणे’ हा शब्द नाही. उलट आरोग्यलाभाच्या जोडीला ‘कार्यक्षमतेतील लाभ’ ही नवी भर आहे. जाळीची भोके मोठी केली की अधिक मासे आत शिरतात, तशी व्याख्या सैल केली की अधिक माल तिच्यात बसतो.

असे असले तरी या बदलामागे केवळ व्यापार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ सालीच काही शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले होते की, एकाच तंतुमय पदार्थावर अनेक जातींचे जीवाणू जगतात, एकाने टाकलेले दुसरा खातो, आणि म्हणून ‘निवडक’ कोठे संपते व ‘सर्वसाधारण’ कोठे सुरू होते हे नेमके सांगता येत नाही. हा आक्षेप खरा आहे. परंतु तो तसाच मान्य केला तर साधा कोंडा व प्रीबायोटिक यांत भेद काय उरतो, हा प्रतिप्रश्नही तितकाच खरा आहे.

व्याख्येच्या या वादाला युरोपातील कायद्याने एका वेगळ्या मार्गाने बगल दिली आहे. तेथे वेष्टनावर ‘प्रीबायोटिक’ एवढा शब्द छापणे हाही आरोग्याचा दावाच समजला जातो, आणि दावा म्हटला की पुरावा आला. चिकोरीच्या इन्युलिनविषयी एका उत्पादकाने रीतसर अर्ज केला, युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या तज्ज्ञांनी माणसांवरील प्रयोग तपासले, आणि २०१५ साली एका मर्यादित दाव्याला मान्यता मिळाली : शौचाची वारंवारता वाढून आतड्याचे कार्य सुरळीत राहण्यास मदत होते, तीही दररोज १२ ग्रॅम घेतल्यास. पैसा व्यापाऱ्याचा आणि निवाडा तिऱ्हाइताचा, ही वाटणी येथे स्पष्ट दिसते. या १२ ग्रॅमच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. २०२४ साली अमेरिकेत आतड्याच्या आरोग्याचे नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या एका फसफसत्या पेयाविरुद्ध ग्राहकांनी दावा लावला. त्याच्या एका डब्यात अशी शर्करा अवघी २ ग्रॅम होती. प्रकरण तडजोडीने मिटले.

भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांत प्रीबायोटिकयुक्त अन्नाला स्वतंत्र स्थान मिळाले. वेष्टन वाचणाऱ्याने पदार्थाचे नाव कोणते, दिवसाची मात्रा किती, आणि दावा नेमक्या कोणत्या गोष्टीविषयी आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

भक्कम पुरावा कसा असतो हे पाहावयाचे तर ओडिशाकडे वळावे. तेथील खेड्यांतील ४,५५६ नवजात बालकांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने बालकांचे दोन गट पाडले होते. एका गटाला सात दिवस लॅक्टोबॅसिलस जातीचा जीवाणू व फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड ही प्रीबायोटिक शर्करा एकत्र देण्यात आली, दुसऱ्याला तसेच दिसणारे निष्क्रिय चूर्ण. पहिल्या साठ दिवसांत जंतुदोष अथवा मृत्यू यांचे प्रमाण दुसऱ्या गटात ९ टक्के होते, ते पहिल्या गटात ५.४ टक्के भरले. प्रयोगाचा खर्च अमेरिकेतील सरकारी आरोग्यसंस्थेने केला होता. जीवाणू व शर्करा एकत्रच दिल्यामुळे यशातील शर्करेचा वाटा किती हे मात्र त्यावरून काढता येत नाही. शिवाय ती बालके अंगावर पिणारी होती, म्हणजे मातेच्या दुधातील शर्करा दोन्ही गटांना आधीच मिळत होत्या.