कात्री लावण्याआधी

व्हिडिओ एडिटिंगचा नाद असलेल्या माणसाला पहिला प्रश्न हमखास येतो: ‘सॉफ्टवेअर कुठलं वापरता?’ मी केडेनलाइव्ह वापरतो, क्वचित शॉटकट. दोन्ही मुक्तस्रोत, दोन्ही विनामूल्य. तयार व्हिडिओच्या कोपऱ्यात कुणाचा शिक्का उमटत नाही आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर ती चालतात. दोघांच्या पोटात एमएलटी नावाचं एकच इंजिन आहे, त्यामुळे पुढे सांगतो त्यातलं बरंचसं दोन्हींना लागू पडतं. मात्र नवख्याचं काम अडतं ते कापाकापीच्या आधी किंवा नंतर, आणि त्या वेळी कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं असतं तरी ते अडलंच असतं.

आमच्या देवळातलं एक कीर्तन मी फोनवर चित्रित केलं. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला, कारण मागे उभ्या केलेल्या फोनला बुवांपेक्षा श्रोत्यांचा खोकला जास्त ऐकू येतो. टाइमलाइनवर दोन्ही जुळवले. नमनाला सगळं चोख होतं. पूर्वरंग संपत आला तशी तबल्याची थाप आधी ऐकू यायला लागली आणि हात मागाहून पडायला लागला. आख्यान रंगात आलं तोवर बुवांचे शब्द पुढे आणि ओठ मागे! ‘फुकटचं ते असंच असायचं,’ असा शेरा घरातून मिळाला आणि मलाही तो तेव्हा पटला.

दोष निघाला चित्रीकरणाच्या फाइलमध्ये. फोन सेकंदाला ३० फ्रेम टिपतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो हा वेग स्वतःच खाली-वर करतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. फोनवर बघताना काही जाणवत नाही, पण एडिटिंगच्या टाइमलाइनला एकसारखा वेग लागतो आणि लांबलचक चित्रीकरणात फरक साठत जातो. रेकॉर्डरचं आणि फोनचं घड्याळही तंतोतंत एक चालत नाही, त्याची थोडी भर पडते.

उपाय सोपा आहे, फक्त तो आधी करायचा. मीडियाइन्फो या छोट्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता, ते कळतं. बदलता असेल तर हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून नवी फाइल करून घ्या. अशी क्लिप आत घेताना केडेनलाइव्ह आणि शॉटकट स्वतःहूनही विचारतात, रूपांतर करू का म्हणून. घाईत आपण ती चौकट बंद करतो. ती बंद करू नका. रूपांतराला वेळ लागतो, फाइलही फुगते, पण पुढची डोकेदुखी वाचते. आणि चित्रीकरणाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. दोन्ही टाळ्या जुळल्या तर मधलं सगळं जुळलं असं समजायला हरकत नाही.

जुना लॅपटॉप असेल तर आणखी एक घोटाळा होतो. प्ले केलं की चित्र अडखळतं आणि आवाज तेवढा पुढे पळतो. हे नेहमीच जुळणीचं दुखणं नसतं. मशीनला एच.२६५ या प्रकारे दाबलेली फाइल पेलत नसते, म्हणून ते मधल्या फ्रेम गाळतं. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीची सोय आहे: काम करण्यापुरती हलकी नक्कल वापरायची, एक्स्पोर्ट करताना मूळ फाइल आपोआप घेतली जाते. आवाज सरकला आहे की नाही याचा निकाल प्रिव्ह्यूवर लावू नका. शेवटची दोन मिनिटं एक्स्पोर्ट करा आणि मग ठरवा.

आता फाइली सांभाळण्याचं. प्रोजेक्टची फाइल व्हिडिओच्या मानाने अगदीच छोटी असते, कारण तिच्यात व्हिडिओ नसतोच. कुठली क्लिप कुठे ठेवली आहे, कुठून कापायची, मागे कुठला आवाज लावायचा, एवढीच यादी असते. ती एकटीच पेनड्राइव्हवर घालून भाच्याला दिली तर त्याच्याकडे ‘क्लिप सापडत नाही’ एवढंच उघडतं. म्हणून पहिल्याच दिवशी एक फोल्डर करा आणि चित्रीकरण, आवाज, फोटो, संगीत सगळं त्यात आणून मगच काम सुरू करा. काम संपल्यावर केडेनलाइव्हमधली ‘आर्काइव्ह प्रोजेक्ट’ ही सोय वापरली की लागणाऱ्या फाइली एकत्र गोळा होतात.

फाँटचंही तसंच. शीर्षकात फाँटचं फक्त नाव नोंदलं जातं. दुसऱ्या मशीनवर तो फाँट नसेल तर तिसराच कुठला तरी येऊन बसतो आणि ओळी सरकतात. छापखान्यातून आलेल्या निमंत्रणपत्रिकेतला मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर तो शीर्षकात चिकटवल्यावर अगम्य रोमन अक्षरं दिसतात. तो युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फाँट मोफत मिळतात, त्यांची फाइलही प्रोजेक्टच्या फोल्डरात टाकून ठेवा.

काम अर्ध्यात असताना सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा मोह टाळा. केडेनलाइव्हच्या २३.०४ या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये, एका प्रोजेक्टमध्ये अनेक टाइमलाइन ठेवायची सोय आली. सोय उत्तम आहे, पण त्यात जतन केलेला प्रोजेक्ट आधीच्या आवृत्तीत उघडत नाही. लिनक्सवाल्यांनी ज्या आवृत्तीत काम सुरू केलं तिची अ‍ॅपइमेज ही इन्स्टॉल न करता चालणारी फाइल जपून ठेवावी. सॉफ्टवेअर उतरवताना अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. सर्चमध्ये वर झळकणाऱ्या जाहिरातींमागे काय असेल याचा भरवसा नसतो.

शेवटी, व्हिडिओ बघणार कुठे ते आधी विचारा. सभागृहातल्या टीव्हीला लावायचा पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दर्जा घसरतो.

हे सगळं एकदम लक्षात राहणार नाही, राहण्याची गरजही नाही. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, त्याच जागी, तेवढ्याच उजेडात, त्याच फोनवर दोन मिनिटं चित्रीकरण करा. ते आत घ्या, मराठी शीर्षक लावा, एक्स्पोर्ट करा आणि जिथे दाखवायचं त्याच टीव्हीवर लावून बघा. आवाज सरकणं आणि मोठ्या फाइलचा आकार सोडला, तर बाकी बहुतेक जे अडायचं ते या दोन मिनिटांतच अडेल, आणि आवाजासाठी मीडियाइन्फो आहेच. दुरुस्तीला तेव्हा हाताशी आठवडा असेल.