शंभर टक्के लिहू नकोस

पोरा, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मार्चमधल्या स्पर्धेसाठी तू मॉडेल बांधतो आहेस, तर आत्याचं एवढं ऐक. कुठल्याही सामन्यापुढे शंभर टक्के लिहू नकोस. शून्यही नको.

पुरुषांच्या स्पर्धेत १९८५ पासून पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून कधी हरलाच नव्हता. असे १३५ सामने झाले. ते बघून मॉडेल ठामपणे सांगणारच, की हे घडत नाही. पण १६ मार्च २०१८ ला सोळाव्या मानांकनाच्या मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटीच्या संघाने व्हर्जिनियाला ७४–५४ असं हरवलं. लॉग लॉसने, म्हणजे चुकीच्या ठामपणाला जबर दंड करणाऱ्या पद्धतीने, गुण मोजत असतील, तर अशा सामन्याला शून्य देणाऱ्याचा दंड अनंत होतो. बाकीची सगळी मेहनत त्यात बुडते.

आता कारणं बघ. व्हर्जिनियाचा डीआंद्रे हंटर स्पर्धेच्या तोंडावर मनगटाच्या दुखापतीने बाहेर गेला होता. हंगामभराच्या सरासरीला हे कुठून कळणार? शिवाय तो संघ संथ खेळायचा. चाली कमी झाल्या की नशिबाचा वाटा वाढतो. महिलांच्या स्पर्धेत तर १९९८ मध्येच सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डने पहिल्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला हरवलं होतं, तेव्हाही स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू जखमी होत्या. म्हणून आकडे भरण्याआधी दुखापतींच्या बातम्या वाच.

पण एका निकालाने मॉडेल मोडीतही काढू नकोस. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया विजेता ठरला. संघ बलवान आहे हा अंदाज खोटा नव्हता. तू ऐंशी टक्के म्हणालास, तर पाचांत एकदा तो संघ हरायलाच हवा. कधीच हरत नसेल, तर तुझे आकडे चुकताहेत.

मॉडेलसाठी संघांचं रेटिंग घेताना तारीख तपास. मागच्या हंगामांच्या अंतिम रेटिंगमध्ये स्पर्धेचे निकाल मिसळलेले असतात; ते वापरलंस तर मॉडेल जुन्या वर्षांवर हुशार दिसेल आणि यंदा तोंडघशी पडेल. ही चूक जाणकारांकडूनही होते.

आणि पूर्ण ब्रॅकेट, म्हणजे स्पर्धेच्या सगळ्या सामन्यांचे अंदाज, अचूक येण्याची आशा सोड. प्रत्येक सामन्यात पाऊणशे टक्के अचूक असलास, तरी ६३ सामने सलग बरोबर येण्याची शक्यता सात कोटींत एक एवढीच. मॉडेल शिकण्यासाठी बांध, मनापासून बांध. फीच्या पैशातला एक डॉलरही त्यावर लावू नकोस.