अठरा विरुद्ध पंधरा

मुलांनो, फुटबॉल म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर गोल चेंडू आणि जाळी उभी राहते. या पाठातला फुटबॉल मात्र निराळा आहे. अमेरिकेत तो दोन्ही टोकांना निमुळत्या अशा लांबट चेंडूने खेळतात. चेंडू हातात घेऊन पळायचे आणि समोरच्यांनी झेप घेऊन त्याला खाली पाडायचे, असा तो धसमुसळा खेळ. तुम्ही कबड्डी खेळत असाल, तर पकडीची थोडी कल्पना येईल. १९११ साली चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की ५ गुण मिळत. मग एक किक मारायला मिळे. ती दोन खांबांमधून गेली तर आणखी १ गुण. खेळ चालू असताना लांबून किक मारून चेंडू खांबांमधून घालवला, तर ३ गुण. हा हिशोब लक्षात ठेवा.

पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल नावाचे गाव आहे. तेथे सैन्याच्या जुन्या बराकींमध्ये रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली एक शाळा काढली. ती अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी होती. गोरे लोक त्यांना 'इंडियन' म्हणत. आपल्या देशाशी त्यांचा काही संबंध नाही. कोलंबसची चूक त्या बिचाऱ्यांच्या नावाला चिकटली, एवढेच!

या शाळेत शेकडो कोसांवरून मुले आणली जात. आल्याबरोबर त्यांचे लांब केस कापत. त्यांची नावे बदलत. आपसांत स्वतःच्या भाषेत बोलले तरी शिक्षा होई. तुम्ही वर्गात उर्दूतून शिकता आणि आता हा पाठ मराठीत वाचत आहात. एक भाषा शिकण्यासाठी दुसरी टाकून द्या, असे तुम्हांला कोणी सांगितले नाही. त्या मुलांना सांगितले होते. कितीतरी मुले आजारी पडून तेथेच वारली. शाळेच्या दफनभूमीतून काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींनी २०१७ पासून आपल्या गावी नेले आहेत.

अशा शाळेचा फुटबॉल संघ मोठमोठ्या कॉलेजांना हरवू लागला. प्रशिक्षक होते ग्लेन 'पॉप' वॉर्नर. त्यांचे खेळाडू अंगाने फार दांडगे नव्हते, पण चपळ होते आणि युक्तीबाजही. १९०३ साली हार्वर्डविरुद्ध त्यांनी चक्क एका खेळाडूच्या सदऱ्यात, पाठीवर चेंडू लपवला. हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधत राहिले आणि हा पठ्ठ्या रेषेपार पोहोचला! तो सामना कार्लाइलने एका गुणाने गमावला, पण गंमत लोकांच्या लक्षात राहिली.

१९११ च्या हंगामात कार्लाइलने १२ सामने खेळले. बहुतेक सामने दुसऱ्यांच्या मैदानावर. पिट्सबर्गला त्यांनी १७–० असे हरवले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला १६–० असे. ११ नोव्हेंबरला गाठ होती हार्वर्डशी. हार्वर्डचे प्रशिक्षक पर्सी हॉटन यांनी आपले मुख्य खेळाडू सुरुवातीला राखून ठेवले. या शाळेसाठी दुसरी फळी पुरेल, असे त्यांना वाटले असावे.

कार्लाइलचा जिम थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा होता. त्याचा पाय दुखावलेला होता, पट्ट्या बांधून तो मैदानात उतरला. मध्यंतराला हार्वर्ड ९–६ असे पुढे होते. परंतु थॉर्पने त्या दिवशी चार किक खांबांमधून घालवल्या. चार त्रिक बारा. कार्लाइलने एकदा चेंडू रेषेपारही नेला, त्याचे सहा. हार्वर्डचे मुख्य खेळाडू धावून आले, पण उशीर झाला होता. कार्लाइल १८, हार्वर्ड १५.

पुढच्याच आठवड्यात हाच संघ सिराक्यूजकडून १२–११ असा हरला. रेषेपार गेल्यानंतरची एक साधी किक चुकली होती. लांबून चार किक मारणाऱ्या संघाचे हे असे झाले! हंगामातला तेवढा एकच पराभव. उरलेले दोन्ही सामने त्यांनी जिंकले.

थॉर्पने १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली. पूर्वी थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून १९१३ मध्ये ती काढून घेण्यात आली. १९५३ साली तो वारला. पदके त्याच्या मुलांना मिळाली १९८३ मध्ये, आणि दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडले. शाळा तर १९१८ मध्येच बंद झाली होती.

त्या संघाचे एक छायाचित्र मात्र आजही पाहायला मिळते. सगळ्यांचे केस कापलेले, चेहरे गंभीर. समोर एक चेंडू ठेवला आहे. त्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजीत लिहिले आहे : १९११, इंडियन्स १८, हार्वर्ड १५.