आधी भिंतीवरचं बटण, मग मोबाइल

अगं, तू पाठवलेली यादी वाचली. रंग बदलणारे बल्ब, आवाजावर सरकणारे पडदे, दारावर कॅमेरा, गीझरला टायमर. हौसेला मोल नसतं, कबूल. पण पैसे मोडण्याआधी थोडं ऐक. घर स्मार्ट झालं की नाही, हे तू ठरवणार नाहीस, तुझ्या सासूबाई ठरवतील. पहाटे पाचला त्यांनी स्वयंपाकघरातलं बटण दाबलं आणि दिवा लागला नाही, की तुझी सगळी हुशारी तिथेच संपली. घरातल्या कुणाला काही नवीन शिकावं लागू नये आणि जुन्या सवयी तशाच चालाव्यात, हे आधी मनाशी पक्कं कर. पुढचं सगळं त्यातूनच ठरतं.

कंपनीचं आयतं अ‍ॅप असताना स्वतःचा सर्व्हर कशाला, असं तू विचारलंस. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब मिळायचा. नेस्ट या कंपनीने तो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवाच बंद केली. लोकांच्या घरात शाबूत असलेला डबा एका दिवसात निकामी झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर असेच, काही न सांगता बंद पडले. ज्यांनी कारभार घरातल्या घरात ठेवला होता, त्यांचे दिवे मात्र चालू राहिले. तुझ्या घरातलं बटण आणि तुझ्याच घरातला दिवा यांच्यामध्ये परदेशातला सर्व्हर कशाला हवा? होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर त्या सर्व्हरचं काम घरातल्या घरात करतं. पॉलस स्खाउत्सन या माणसाने २०१३ मध्ये ते सुरू केलं, फुकट आहे, सगळा कोड उघडा आहे आणि २०२४ पासून ते एका ना-नफा फाउंडेशनच्या हाती आहे. इंटरनेट गेलं तरी नियम चालतात. मात्र घेताना पाहून घे, वस्तू घरातल्या घरात बोलणारी हवी. फक्त क्लाउडवरून चालणारा बल्ब घेतलास, तर घरात सर्व्हर असूनही तू परावलंबीच.

ते चालवायच्या यंत्रासाठी फार खर्च नको. जुना मिनी पीसी मिळाला तर उत्तम. रास्पबेरी पाय घेतलास, तर दोन गोष्टी पाळ. पहिली, मोबाइलचा हाताला लागेल तो चार्जर त्याला लावू नकोस. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. वीज कमी पडली की तो अधूनमधून अडखळतो आणि तू सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतेस. दुसरी, मेमरी कार्डावर कायमचा संसार मांडू नकोस. होम असिस्टंट घरातल्या प्रत्येक बदलाची नोंद सतत लिहीत असतं, कार्ड झिजतं आणि एक दिवस मशीन सुरूच होत नाही. एसएसडी लाव.

आता वायरिंग. सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात. दिव्यांसाठी बटणाच्या मागे रिले, म्हणजे दुरून चालणारा छोटा स्विच, बसवायचा. अशा बहुतेक रिलेंना फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. जुन्या इमारतींत कित्येक बोर्डांत फक्त फेज येतो आणि दिव्याकडे जाणारी वायर निघते, न्यूट्रल थेट छतातून दिव्याला गेलेला असतो. वायरमनला बोलावून एकेक बोर्ड उघडायला लाव आणि न्यूट्रल कुठे आहे, मागे डब्यात रिले मावेल एवढी जागा आहे का, ते लिहून ठेव. हे काम स्वतः करू नकोस. यूट्यूब पाहून २३० व्होल्टशी खेळायचं नसतं.

स्मार्ट बल्बांऐवजी मी रिलेच का सांगतेय? आपल्या घरांत खोलीतून निघताना बटण बंद करायची शिस्त असते. प्लगलासुद्धा वेगळं बटण, तेही बंद. बटण बंद झालं की स्मार्ट बल्ब मेला, मग मोबाइलवर कितीही टिचक्या मार. रिले बटणाच्या मागे असतो, त्यामुळे बटणानेही दिवा लागतो आणि मोबाइलनेही. सासूबाईंना काहीच बदललेलं वाटत नाही. दिव्याच्या बटणामागच्या छोट्या रिलेवर गीझर मात्र लावू नकोस. २००० वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा इन्स्टंट तेरा. दहा अँपिअरचा रिले त्यात भाजून निघेल. त्याला १६ अँपिअरचं चांगलं उपकरणच हवं. पाण्याच्या मोटारीचं तर विचारूच नकोस. सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर हा दणकट स्विच लागतो आणि तो बसवणंही वायरमनचंच काम.

सेन्सर आणि रिलेंसाठी झिगबी घे. ते वायफायसारखंच बिनतारी, २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, पण वीज फारच कमी खातं, नाण्याएवढ्या सेलवर सेन्सर महिनोन् महिने चालतो. संदेश एका वस्तूकडून दुसरीकडे, हातोहात पोचतो. विजेवर चालणाऱ्या बहुतेक वस्तू हा निरोप पुढे देतात, सेलवरच्या देत नाहीत. म्हणून सुरुवात सेन्सरांनी करू नकोस. आधी रिले आणि प्लग लावून घरभर जाळं विण, मग सेन्सर जोड, आणि तोही जिथे कायम राहणार आहे तिथेच उभी राहून जोड. हॉलमध्ये जोडून बाथरूममध्ये नेऊन चिकटवलास, तर काही सेन्सर जुनाच रस्ता धरून बसतात आणि दोन दिवसांनी गायब होतात.

गायब होण्याचं आणखी एक कारण सांगते, कारण पहिल्या महिन्यात हमखास तेच भेडसावतं. झिगबीची ती काडी, म्हणजे डोंगल, लोक थेट पायच्या निळ्या यूएसबी भोकात खुपसतात. ते यूएसबी ३.० असतं आणि त्याचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. शेजारी एसएसडी जोडलेली असेल तर आणखीच वाईट. पॅसेजमधला सेन्सर दिवसभर ‘अनुपलब्ध’ आणि रात्री आपोआप ठीक, असा प्रकार दिसला की आधी डोंगल काढ, मीटरभराची साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर आण, ती काळ्या भोकात लाव, डोंगल तिच्या टोकाला जोड आणि मशीन-राउटरपासून दूर, भिंतीवर उंच टांग. त्या स्वस्त वायरने जेवढे सेन्सर वाचतात, तेवढे महागड्या हबनेही वाचत नाहीत. राउटरचं वायफाय चॅनेलही ‘ऑटो’वर सोडू नकोस. ते १ वर बांध आणि झिगबी २० किंवा २५ वर ठेव. हे वस्तू जोडण्याआधीच ठरव, नंतर बदललंस तर त्यातल्या काही पुन्हा जोडत बसावं लागेल.

मग नियम. पहिला नियम सासूबाईंना आवडेल असा कर, देवघराजवळचा दिवा तिन्हीसांजेला लागू दे. घड्याळाची वेळ टाकू नकोस, सूर्यास्तावर बांध. मुंबईत नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य जूनअखेर सव्वासातच्या पुढे जातो, दर महिन्याला वेळ कोण बदलत बसणार? दुसरा नियम बाथरूमचा कर. दारावर हालचालीचा सेन्सर, माणूस आत आला की दिवा, हालचाल थांबली की बंद. इथे पहिली बोंब उठणार, ‘अगं, आंघोळ चालू असताना दिवा गेला!’ कारण साधा हालचालीचा सेन्सर सरकणारी उष्णता पाहतो. माणूस स्थिर उभा राहिला, गरम पाण्याची वाफ दाटली की त्याच्या लेखी आत कुणीच नाही. त्याला वेळ वाढवून दे, दोन मिनिटांऐवजी दहा. मिलिमीटर वेव्हचा सेन्सर घेतलास तर तो श्वासानेही माणूस ओळखतो, पण आपल्या छताचा पंखाही त्याला माणूसच वाटतो. बेडरूममध्ये तो लावून रात्रभर दिवा का जळतोय म्हणून चिडू नकोस. पंख्याची जागा सोडून त्याचा रोख आणि अंतर ठरव.

आणि बिघाड होणारच. तेव्हा घाबरून सगळं उपटत सुटू नकोस, मशीन दहा वेळा रीस्टार्टही करू नकोस. एकच प्रश्न आधी विचार: मोबाइलच्या अ‍ॅपमधून तो दिवा लागतो का?

लागत असेल, तर वस्तू, रेडिओ, वायर सगळं ठीक आहे आणि दोष नियमात आहे. तो नियम उघड आणि ‘ट्रेस’ बघ. शेवटच्या वेळी नियम कशामुळे सुरू झाला, कोणत्या अटीवर अडला, सगळं तिथे पायरीपायरीने दिसतं. बहुतेकदा एखादी अटच खोटी ठरलेली असते. ‘दहा मिनिटं हालचाल नसेल तर’ अशा नियमात आणखी एक गोम आहे. दहा मिनिटं भरायच्या आत होम असिस्टंट रीस्टार्ट झालं, किंवा तू नियम बदलून जतन केलास, तर ती मोजणी पुसली जाते आणि दिवा तसाच जळत राहतो. नियम स्वतः लिहीत असशील तर वायएएमएल फाइलमध्ये ओळीआधीची मोकळी जागा स्पेस दाबूनच दे, टॅब चालत नाही. फाइल वाचता आली नाही तर दोष बहुधा त्या एका जागेचाच.

अ‍ॅपमधूनही लागत नसेल, तर खाली उतर. आधी वीज बघ, कुणी बटण बंद केलंय का, सेल संपलाय का. मग त्याच्या आसपासच्या वस्तू बघ. एक सेन्सर गेला तर दोष त्याचा. एका बाजूच्या सगळ्याच गेल्या तर मधला निरोप्या प्लग कुणीतरी काढून तिथे मिक्सर लावलाय. घरातल्या सगळ्याच गेल्या तर डोंगल. वायफायच्या वस्तू जात असतील तर राउटरमध्ये प्रत्येकीचा पत्ता राखून ठेव, म्हणजे तो पुन्हा पुन्हा बदलणार नाही. स्वस्त वस्तूंना ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही, जोडताना फोन २.४ वर हवा. आणि लॉग वाच. त्यातल्या लाल ओळी भीतिदायक दिसतात, पण वस्तूचं नाव तिथेच लिहिलेलं असतं.

लोडशेडिंगचा विचार तर आधीच करून ठेव. रात्री तीनला वीज आली की काही बल्ब आणि रिले आपोआप पूर्ण उजेडात चालू होतात आणि सगळं घर जागं होतं. प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर काय’ हा पर्याय शोध आणि तो ‘बंद’ किंवा ‘आधी होतं तसं’ कर. राउटरला छोटा यूपीएस लाव आणि मशीनही इन्व्हर्टरवर घे. फटकन वीज जाण्याने डेटाबेस बिघडू शकतो.

होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याला येते आणि आवृत्तीचं नावच वर्ष आणि महिना असतं. तिच्यासोबतच्या टिपणात काय मोडेल हे लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय अपडेट करू नकोस, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. अपडेटआधी बॅकअप घे आणि त्याची एक प्रत त्या मशीनबाहेर ठेव. बॅकअप कुलूपबंद असतो, त्याची किल्ली म्हणजे लांबलचक अक्षरांचा संकेत, तो कागदावर लिहून एलआयसीच्या पॉलिसीशेजारी ठेव. मशीनसोबत किल्लीही गेली, तर बॅकअपचा काही उपयोग नाही.

बाहेरून घर पाहायचंय? राउटरवर ८१२३ हा पोर्ट जगाला उघडून देऊ नकोस. इथल्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर तो चालणारही नाही, कारण एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. त्याऐवजी टेलस्केल ही खाजगी जोडणी लाव. नाहीतर नाबू कासा या कंपनीच्या सेवेची वर्गणी भर, ते पैसे होम असिस्टंटच्याच कामाला लागतात.

आता शेवटचं, हे तुला कुणी पुस्तकात सांगणार नाही. सगळी नोंद घरातच राहते म्हणून आपण खूश असतो. पण ती नोंद बघणार कोण? तू. दाराचा सेन्सर सासूबाई मंदिरातून कधी आल्या हे सांगतो, नवऱ्याच्या फोनचं ठिकाण तो कुठे आहे हे सांगतं, बाथरूमचा सेन्सर कोण किती वेळ होतं हेही सांगतो. कंपनीची नजर हटली म्हणजे नजर उरली नाही असं नाही, ती आता तुझी झाली. म्हणून प्रत्येक वस्तू लावण्याआधी ज्यांच्यावर ती लागणार त्यांना विचार. कॅमेरा फक्त मुख्य दाराबाहेर, आत कुठेच नको. आणि तू घरात नसताना कुणाला काही बंद करायचं असेल तर कोणता प्लग काढायचा, हे मराठीत एका कागदावर लिहून मीटरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटव.

तेव्हा सध्या ती यादी बाजूला ठेव आणि काही मागवू नकोस. येत्या रविवारी वायरमनला बोलाव, सगळे बोर्ड उघडून घे आणि कुठे न्यूट्रल आहे, कुठे नाही, त्याचे फोटो मला पाठव. ते पाहूनच पहिली ऑर्डर देऊ.