पेंढ्यापासून इथेनॉल : खरी कसोटी पुरवठ्याची

उसाचा रस, मळी किंवा धान्य यांपासून तयार होणारे इथेनॉल पहिल्या पिढीचे जैवइंधन मानले जाते. भाताचा पेंढा, उसाचे चिपाड, बांबू अशा अखाद्य जैवभारापासून मिळणारे इथेनॉल दुसऱ्या पिढीचे ठरते. भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमधील २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला, तो मुख्यतः ऊस व धान्य यांच्या बळावर. अन्न व इंधन यांच्यातील स्पर्धा टाळायची तर दुसऱ्या पिढीकडे वळणे क्रमप्राप्त आहे.

मळीतील साखर यीस्टला सहज उपलब्ध असते. पेंढ्यातील साखर मात्र सेल्युलोज व हेमिसेल्युलोज यांच्या साखळ्यांत गुंतलेली आणि लिग्निनने वेढलेली असते. म्हणून आधी पूर्वप्रक्रियेने हे वेष्टन सैल करावे लागते, नंतर विकरांच्या साहाय्याने साखळ्या तोडाव्या लागतात. त्यानंतरच किण्वन व ऊर्ध्वपातन शक्य होते. साहजिकच भांडवली खर्च वाढतो.

हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा असा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्यासाठी ९०० कोटी रुपयांहून अधिक खर्च आला; तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर, म्हणजे टनामागे अंदाजे १५० लिटर इथेनॉल, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

खरी अडचण कारखान्याच्या फाटकाबाहेर आहे. भाताची कापणी व गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. कारखान्याला मात्र वर्षभर कच्चा माल लागतो. पेंढा वजनाला हलका, पण जागा फार व्यापणारा. त्याच्या गाठी बांधणे, वाहतूक करणे आणि ओल व आग यांपासून त्या सांभाळणे खर्चिक असते. शेतकऱ्याला तो जाळणे सर्वांत स्वस्त पडते. त्याला पुरेसा भाव दिल्यास इथेनॉल महागते. न दिल्यास पेंढा शेतातच पेटतो.

पेंढा न जाळल्याने हवा स्वच्छ राहते, परंतु हा लाभ कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही. अर्थशास्त्रात यालाच बाह्य लाभ म्हणतात. २०१९ च्या प्रधानमंत्री जी-वन योजनेतील व्यवहार्यता तफावत निधीचे समर्थन येथेच सापडते. १,९६९.५० कोटी रुपयांच्या या योजनेची मुदत २०२४ मध्ये २०२८-२९ पर्यंत वाढविण्यात आली. तथापि, केवळ यंत्रसामग्रीला साहाय्य पुरेसे नाही. गावपातळीवरील संकलन व साठवणूक यांनाही तितकेच प्राधान्य मिळाले, तरच पेंढ्याचे खऱ्या अर्थाने इंधन होईल.