गव्हाच्या पिठातील तंतुमय अंश : जमीन, हवामान आणि वाण
(इयत्ता ६ वी व ७ वी, सामान्य विज्ञान : शिक्षकांसाठी पाठटिपण)

उद्देश : जुना गहू सकस होता, नव्या वाणांत काही सत्त्व उरलेले नाही, असे गावोगाव बोलले जाते. मुले हाच प्रश्न वर्गात विचारतात. शिक्षकाने त्याचे उत्तर ऐकीव मतावर न देता दाण्याच्या रचनेवरून द्यावे, हा या पाठाचा हेतू होय.

तंतू कोठे असतो : गव्हाच्या दाण्याचे तीन भाग आहेत : बाहेरील कोंडा, आतील पिष्टमय गर आणि अंकुर. न पचणारा तंतुमय अंश, ज्यास आपण चोथा म्हणतो, तो मुख्यतः कोंड्यात असतो. म्हणूनच १०० ग्रॅम कणकेत तो सुमारे ११ ग्रॅम, तर तितक्याच मैद्यात ३ ग्रॅमहूनही कमी भरतो. या अंशाने पोट साफ राहते. त्यातील अरॅबिनोझायलन व बीटा-ग्लुकन या द्रव्यांचा काही भाग पाण्यात विरघळतो. हा भाग गराच्या पेशीभित्तिकांतही असल्यामुळे पांढऱ्या पिठात अल्पांशाने उतरतो.

शेतीचा परिणाम : ओंबीत दाणा भरत असता पाणी तुटले अथवा ऊन तापले, तर गरात पिष्ट कमी साठते आणि दाणा चिमतो. आपल्याकडे डिसेंबरात उशिरा पेरलेल्या गव्हास फेब्रुवारी-मार्चचा उन्हाळा याच वेळी गाठतो. समजा, भरलेला दाणा ४० मिलिग्रॅमचा असून त्यात कोंडा ६ मिलिग्रॅम आहे. कोंड्याचे प्रमाण शेकडा १५ झाले. चिमलेला दाणा २४ मिलिग्रॅमचा व त्यातील कोंडा ५ मिलिग्रॅम धरल्यास तेच प्रमाण शेकडा सुमारे २१ येते. येथे तंतूचे प्रमाण वाढले, परंतु तंतू वाढला नाही. उलट तो ६ चा ५ झाला. घटले ते मुख्यतः पिष्ट, आणि त्याबरोबर शेतकऱ्याचे उत्पन्न. प्रमाण आणि परिमाण यांतील हा भेद मुलांच्या मनावर अवश्य ठसवावा.

वाणाचा परिणाम : गव्हाचे २६ वाण हंगेरीत २००५ ते २००७ अशी तीन वर्षे, आणि २००७ साली इंग्लंड, फ्रान्स व पोलंड येथेही लावून तपासण्यात आले. पाण्यात विरघळणाऱ्या अरॅबिनोझायलनाच्या बाबतीत हवामानापेक्षा वाणाचा प्रभाव अधिक दिसून आला. चीनमधील 'युमाई ३४' या वाणाच्या पांढऱ्या पिठातही हा अंश विशेष आढळतो. जो गुण आनुवंशिक असतो तो निवडीने व संकराने पुढील पिढीत आणता येतो. यास्तव पैदासकारांनी अशा वाणांचा उपयोग संकरासाठी केला आहे.

नव्या वाणांवरील आक्षेपाचीही परीक्षा झाली आहे. १७९० ते २०१२ या काळात प्रसृत झालेले ३९ वाण इंग्लंडमध्ये एकत्र पिकवून त्यांचे पांढरे पीठ तपासले, तेव्हा नव्या वाणांत अरॅबिनोझायलन कमी नव्हे, तर अधिक आढळले. हा निष्कर्ष तेथील वाणांपुरता आहे. आपल्या खपलीस अथवा बन्सीस तो सरसकट लावू नये. तथापि 'नवे म्हणजे निःसत्त्व' हा सिद्धान्त टिकत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

कृती : (१) दहा मुलांनी प्रत्येकी १०० भरलेले दाणे मोजावेत व एकूण १,००० दाण्यांचे वजन करावे. नंतर १,००० चिमलेले दाणे घेऊन तसेच करावे व दोन्ही वजने फळ्यावर मांडावीत. (२) १०० ग्रॅम कणीक बारीक चाळणीने चाळून वर राहिलेला कोंडा तोलावा. तो टाकून न देता पुन्हा पिठात मिसळावा.

समारोप : हवामान शेतकऱ्याच्या हाती नाही आणि नवा वाण सिद्ध होण्यास वर्षे लागतात. परंतु चाळणी प्रत्येक घरात आहे. पोळी पांढरी व मऊ व्हावी म्हणून रोज कोंडा गुरांपुढे टाकला, तर कोणत्याही वाणाचा गुण मुलाच्या ताटापर्यंत पोहोचत नाही. हे मुलाला कळले, तर ते घरी सांगितल्यावाचून राहणार नाही.

स्वाध्याय : १. चिमलेल्या दाण्यात कोंड्याचे प्रमाण अधिक का भरते? २. एकच वाण दोन गावी पेरल्यास पीठ सारखेच येईल काय? कारण द्या. ३. घरी पीठ चाळतात काय? चाळलेल्या कोंड्याचे काय करतात, ते विचारून लिहा.